विश्वमित्राचा शेजार

"शकू, आता जग आपल्या घरात येणार," असं चांगदेवने जाहीर केलं, तेव्हा शकूच्या मनात आलं, की येईना का बापडं, पण बसणार कुठे?

प्रश्न रास्त होता. कळव्यातल्या 'खाडीदर्शन' सोसायटीत त्यांची वन रूम किचनची जागा. खाडीचं दर्शन फक्त टाकी दुरुस्त करायला गच्चीवर चढणाऱ्या प्लंबरला होत असे. बाकी सभासदांच्या वाट्याला ओहोटीचा वास. बाहेरच्या खोलीत सोफा-कम-बेड, कपाट, टीव्ही, पाळणा आणि खिडकीशी तिपाईवर फोन. एवढ्यात जगाने यायचं म्हटलं, तर त्याला चपला जिन्यात काढून पाळण्याखाली सरकावं लागलं असतं. प्रत्यक्षात सरकला तो पाळणाच. तो गेला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, आणि त्याच्या जागी टेबलावर कॉम्प्युटर विराजमान झाला.

चांगदेव कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात हिशेब खात्यात होता. कारखान्याने नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने कर्मचाऱ्यांच्या गळ्यात मारले. अठ्ठ्याण्णव साल होतं ते. तेव्हा कॉम्प्युटरला घरात जावयाचा मान असे. पंखा त्याच्या बाजूने, अंगावर क्रोशाचं झाकण, जवळपास पाण्याचा तांब्या न्यायचा नाही, आणि आठ महिन्यांच्या चिमूने रडायचं झालं तरी तोंड पलीकडे करून. दसऱ्याला शकूने त्याला झेंडूचा हार घातला. त्यातल्या पाकळ्या मागच्या जाळीत गेल्या, आणि पुढे कितीतरी दिवस तो सुरू केला, की घरात भाजलेल्या झेंडूचा वास सुटे.

एवढं होऊनही जग काही आलं नाही. त्यासाठी मोडेम नावाची एक डबी लागते, असं कळलं. चांगदेवने तीही आणली, फोनच्या तारेला जोडली, आणि खाडीदर्शनच्या इतिहासाला कलाटणी मिळाली.

कारण त्या बिल्डिंगीत फोन तेवढा एकच होता.

फोन चांगदेवच्या नावावर असला, तरी तो चांगदेवचा आहे असं खुद्द चांगदेवलाही वाटत नसे. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येकाने नोकरीच्या अर्जावर, गॅसच्या बुकिंगवर, मुलामुलींच्या स्थळांच्या कागदावर तोच नंबर टाकलेला, आणि पुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. ही अक्षरं कशाची, ते कोणी विचारलं नव्हतं. त्यांचा अर्थ मात्र सगळ्यांना पाठ होता: फोन शेजाऱ्यांचा, हक्क आमचा.

बोलावणं शकूकडे. रोज कोण जिने चढणार-उतरणार? तिने पद्धत लावून दिली होती. लाटणं घेऊन दारात यायचं आणि जिन्याच्या लोखंडी कठड्यावर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे तळमजल्यावरच्या रखमाबाई, ज्यांचा मुलगा मस्कतला. दोन म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी सखारामभाऊ. तीन म्हणजे वरच्या मजल्यावरचे गोमाजीकाका. शकूच्या हातून चुकून लाटणं जिन्यात पडलं, तरी रखमाबाई गुडघे धरून वर येत आणि "काय म्हणतो गं माझा बाळ?" असं विचारत. मग त्यांना चहा करावा लागे.

तर असा हा फोन. त्याला मोडेम लागला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी चांगदेवने बटण दाबलं, आणि मोडेमने आधी 'कुईं' केलं. मग खर्रर्र. मग पत्र्यावर ओलं मांजर ओढत न्यावं तसा एक लांबलचक आवाज, आणि शेवटी टिंग, टाँग, हुश्श. वरच्या मजल्यावरून गोमाजीकाकांच्या बायको, मनुकाकू, धावत आल्या. त्यांना वाटलं कुकर फुटला. शकूचा जीव चिमूत. ही पोरगी संध्याकाळी दिवेलागणीला जी गळा काढायची, ती वरणभात होईपर्यंत. अंगाई झाली, ओवा झाला, दृष्ट काढून झाली, काही लागू पडत नव्हतं. आता या आवाजाने हिचं काय होणार म्हणून शकू पाळण्याशी धावली.

चिमू डोळे मोठे करून ऐकत होती. खर्रर्रला तिने रडणं थांबवलं. मांजराला अंगठा तोंडात घातला. टिंगटाँगला तिच्या पापण्या मिटल्या, आणि ती झोपली! शकूने वाकून तिच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. शांत, गरम, दुधाळ श्वास.

त्या संध्याकाळी शकूने चहा गरम असताना प्यायला. चिमू झाल्यापासून चहा ही वस्तू गरम असते, हेच ती विसरली होती. खिडकीशी बसून, लायब्ररीच्या पुस्तकाची चार पानं ओळीने वाचून झाली, तेव्हा तिला उगीचच रडू आलं. म्हणून पुढे चांगदेव रोज सातला बसायचा तो जेवायला उठायचा, तरी तिने ब्र काढला नाही. एरवी ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पण पोर झोपवणाऱ्या यंत्राशी कोणती आई भांडेल?

चांगदेव त्या यंत्रातून जायचा ते 'आपुलकी' नावाच्या ठिकाणी. जगभरच्या मराठी माणसांनी तिथे मंडळ काढलं होतं. न्यू जर्सी, मेलबर्न, दुबई, कुठून कुठून लोक यायचे आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. ते वाचताना ओठ हलवावे लागत, नाहीतर काही बोध होत नसे. विषय मात्र एकच असायचा: समाज कुठे चाललाय? मेलबर्नला वाटे तो रसातळाला चाललाय. न्यू जर्सीचं म्हणणं, तो कधीच पोचला. तिथे खरी नावं सांगायची पद्धत नव्हती. चांगदेवने बराच विचार करून स्वतःला 'विश्वमित्र' हे नाव घेतलं होतं.

थोड्याच दिवसांत विश्वमित्राचा तिथे दबदबा झाला. 'शेजारधर्म: एक हरवलेला ठेवा' ही त्याची लेखमाला तर फारच गाजली. हल्ली कोणी कोणाच्या दारात जात नाही, कोणी कोणाची विचारपूस करत नाही, माणूस माणसाला पारखा झाला, असं तो भरल्या अंतःकरणाने लिहीत असताना रखमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. या आठवड्यात मस्कतचा फोन कसा आला नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. विश्वमित्राने मान न वळवता, रहदारीच्या हवालदारासारखा हात वर केला. "आजी, लिंक तुटते," म्हणाला. रखमाबाईंनी आधी दाराची कडी पाहिली, मग आपल्या बांगड्या पाहिल्या. काहीच तुटलेलं नव्हतं. त्या निघून गेल्या. परिच्छेद मात्र छान जमला. न्यू जर्सीच्या डोळ्यांत पाणी आलं.

याच सुमाराला मालूचं स्थळ आलं.

मालू म्हणजे गोमाजीकाकांची मुलगी. काका खाडीवरचे जुने कोळी. खाडीत मासळीपेक्षा कारखान्यांचा फेस जास्त यायला लागला तेव्हा होडी विकून ते एका गोदामात रखवालीला लागले. मनुकाकू अजून कळव्याच्या बाजारात टोपली मांडून बसत. मालू टायपिंगच्या क्लासात शिकवायची. स्थळ बाळकुमचं, त्यांच्यातलंच. मुलाचं नाव नाथा, नोकरी बंगलोरला, सॉफ्टवेअरमध्ये. सॉफ्टवेअर म्हणजे काय, असं काकूंनी विचारल्यावर मध्यस्थाने सांगितलं होतं, की ते डोळ्यांना दिसत नाय, पण त्याचा पगार दिसतो.

नाथा पाहायला आला तेव्हा शकू मदतीला वर गेली होती. त्याने मालूला काही विचारलं नाही. खाली मान घालून काकूंच्या हातची कोलंबी जेवला. पुन्हा मागितली. पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडे बघताहेत, तेव्हा तो म्हणाला की दोन वर्षं सांबारावर काढलीत, आणि हसला.

"वहिनी, हसताना त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होतात," मालू नंतर शकूला म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि चिमूच्या दुपट्याच्या घड्या घालत बसली. त्या घड्या आधीच घातलेल्या होत्या. शकू काय समजायचं ते समजली.

पण नाथाने बंगलोरला परतताना एक नवीनच काढलं. म्हणाला, मालूच्या मनात काय आहे ते मी तिच्याच तोंडून ऐकणार, फोनवर. मगच घरी होकार सांगणार. संध्याकाळी रेट उतरले, की एस.टी.डी. बूथवरून लावीन. बाळकुमची मंडळी गप्प बसली. कळव्याची मंडळीही गप्प बसली. कळव्याहून बाळकुम म्हणजे एक रिक्षा. पण निरोप यायचा तो मुलाकडून. मुलीकडच्यांनी आपण होऊन विचारायला जाणं म्हणजे पोरगी जड झाली असा त्याचा अर्थ. नाथाची मावशी आणि मनुकाकू एकाच बाजारात, समोरासमोर मासळी विकत. दोघी रोज एकमेकींना सुट्टे देत, गिऱ्हाईक नसलं की चहा मागवत, आणि या विषयावर बर्फ ठेवल्यासारख्या गप्प बसत.

मालू रोज क्लासावरून येऊन शकूकडे बसायला लागली. फोनच्या तिपाईशेजारी. कधी शेंगा सोलत, कधी चिमूला खेळवत. चांगदेव तिच्याकडे पाठ करून टकटक टकटक. मालू कशासाठी बसते ते शकूने त्याला सांगितलं होतं. तो "हं" म्हणाला होता. त्याच "हं"मध्ये त्याने दळण आणायचं आणि चिमूला डोस द्यायला न्यायचं ही कामंही स्वीकारली होती, आणि तीही झाली नव्हती.

फोन आला नाही.

पहिल्या संध्याकाळी कोणाला काही वाटलं नाही. दुसऱ्या संध्याकाळी मालूने तीनदा रिसीव्हर नीट बसलाय का ते पाहिलं. व्यवस्थित बसला होता. मोडेम आला तरी तो बिचारा आपल्या जागेवरून हलला नव्हता, मग संशय कशाचा यायचा? मग शनिवार-रविवार गेला. सोमवारी मालूने शेंगा सोलून दाणे केराच्या सुपात टाकले आणि फोलपटं वाटीत ठेवली. वरून मनुकाकू रोज जिन्यात येऊन विचारत, "काय गो शकू, आला नाय काय?" आणि शकूने मान हलवली, की वर जाताना पायरीपायरीला थांबत. मंगळवारी गोमाजीकाकांनी मध्यस्थाकडे दुसऱ्या एका स्थळाची चौकशी केली, कोपरीच्या. मुलगा वयाने थोर होता आणि हसत नसे.

बुधवारी संध्याकाळी चांगदेव खुर्चीत मागे रेलला आणि हाताची बोटं कडाकडा मोडत म्हणाला, "शकू, आज एका पोराचं आयुष्य वाचवलं."

शकू स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, मालू उंबऱ्याशी बसून पाळण्याला झोका देत होती. चिमू केव्हाच मोडेमच्या स्वाधीन झालेली. कोणाचं हो आयुष्य, असं शकूने आपलं रीतीप्रमाणे विचारलं.

बिचारा कुणी तरी बंगलोरला एकटा राहतो, चांगदेव सांगू लागला. नावही 'एकटा जीव' असंच घेतलंय. मुलगी बघून आला, आवडली. त्या लोकांकडे फोन नाही, शेजाऱ्यांचा नंबर दिलाय. तर हा पोरगा रोज संध्याकाळी बूथवर जाऊन रांगेत उभा राहून नंबर फिरवतो, आणि नंबर एंगेज. रोज! त्याने 'आपुलकी'वर विचारलं, आता मी काय समजू? न्यू जर्सी म्हणाली, मुलगीच कुणाशी तरी गुलूगुलू बोलत असणार. मेलबर्नच्या एक बाई म्हणाल्या, धीर धर. नुसता गोंधळ. शेवटी सगळे म्हणाले, विश्वमित्रांना बोलू द्या.

"ऐक, काय लिहिलंय," असं म्हणून त्याने घसा साफ केला आणि ओठ हलवत वाचलं:

"मित्रा, मुलगी बघू नकोस, शेजार बघ. जो माणूस रोज संध्याकाळी फोन अडवून बसतो, ज्याला दाराबाहेरच्या सुखदुःखाची फिकीर नाही, तो आपमतलबी, कोडगा इसम म्हणजे समाजाला लागलेली वाळवी होय. असली वाळवी ज्या बिल्डिंगीत सुखाने नांदते, ती बिल्डिंगच आतून पोखरलेली समज. तिथली मुलगी नको. विषय संपव."

"वाळवी जरा जास्त झालं का?" त्याने विचारलं. "पण एकदा हात चालायला लागला, की थांबत नाही बघ. आणि पोरगा किती निरागस! लिहितो काय, की मुलीच्या आईने कोलंबी केली होती, ती मी तीनदा मागून घेतली, त्यामुळे तर ते रागावले नसतील ना?"

शकूच्या हातातली भाकरी तव्यावर न पडता परातीत पडली.

पाळण्याचा झोका थांबला.

शकू पिठाच्या हातांनीच बाहेर आली. मोठ्या शांतपणे तिने विचारलं, "अहो, मुलगी कुठली म्हणे?"

"कळव्याची का काय. इकडचीच आहे."

"आणि तुम्ही हे असं जगाशी बोलत असता, तेव्हा आपल्याला कुणी फोन केला तर त्याला काय ऐकू येतं?"

चांगदेवला आनंद झाला. बायकोने या विषयात पहिल्यांदाच एवढा रस घेतला होता. एक लाइन असते, ती एका वेळी एकच काम करते, हे त्याने कोलशेतच्या साहेबांना समजावलं होतं तितक्याच गोडीने समजावलं. "म्हणजे त्याला," तो समारोपाला आला, "एंगेज ऐकू ये..."

पुढचं अक्षर त्याच्या तोंडातून आलंच नाही. त्याचं तोंड मात्र ते अक्षर बाहेर पडण्याच्या आकारात तसंच उघडं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने खुर्ची वळवून खोलीकडे पाहिलं. तिपाई होती, फोन होता, शेंगांची वाटी होती, आणि उंबऱ्यात मालू उभी होती.

"दादा," मालू म्हणाली, "तो अजून आहे का तिथे?"

ओरडली असती तर बरं, असं चांगदेवला वाटलं. तो घाईघाईने वळला आणि म्हणाला, की काही काळजी करू नकोस, मी लगेच लिहितो, जगासमोर माफी मागतो. आणि बोटं कीबोर्डवर ठेवून त्याने सुरुवात केली: "मानवी जीवनात गैरसमजांचं स्थान फार मोठं आहे."

खाडीदर्शनमध्ये बातमीला जिना लागत नाही. चांगदेवची प्रस्तावना संपायच्या आत गोमाजीकाका आणि मनुकाकू खाली आले, सखारामभाऊ दात कोरत आले, रखमाबाई गुडघे धरून वर आल्या. सगळे कॉम्प्युटरभोवती उभे. काकांना एवढंच कळलं, की मुलगा या डब्यात आहे आणि चांगदेव त्याला कागद लिहितोय. मग मजकुरात प्रत्येकाचा हात लागला. सखारामभाऊंचं म्हणणं पडलं, की 'आपण' नको, 'सदर सोसायटी' असं लिहा, आणि शेवटी 'कळावे' हवं. मनुकाकू म्हणाल्या, लिव त्याला, कोलंबीचा राग कसला, पुढच्या वेळी हंडीभर करते. काका म्हणाले, मुलीकडच्यांनी एवढं वाकलेलं बरं दिसत नाय, हंडीभर खोड, पातेलंभर लिव. पातेलं की हंडी यावर पतीपत्नींचं वाजलं. चांगदेव खोडत होता, लिहीत होता. वाळवी मागे घ्यायची होती, पण विश्वमित्राची प्रतिष्ठाही राखायची होती, त्यामुळे 'वाळवी हा शब्द व्यापक अर्थाने घ्यावा' या वाक्यापाशी तो बराच रेंगाळला.

शकू तेवढी मजकूर लिहीत नव्हती. ती वाचत होती. मंडळींच्या खांद्यांमधून, ओठ हलवत, इंग्रजी अक्षरांतलं मराठी. विश्वमित्राच्या सल्ल्याखाली तीनच ओळी होत्या, त्या कोणी पाहिल्याच नव्हत्या.

"विश्वमित्र, तुमचं पटलं. तरी मन राहत नाही. आत्ता ऑफिसातून निघतोय, बूथवर जाऊन शेवटचा एकदा लावतो. नाहीच लागला तर आज घरी नकार कळवतो. आभार. एकटा जीव."

शकूने फोनकडे पाहिलं. रिसीव्हर आपल्या जागी, शहाण्या मुलासारखा हाताची घडी घालून बसलेला. सगळी बिल्डिंग त्याच्याकडे पाठ करून उभी होती, आणि त्याच्या पोटातून, तारेतून, या क्षणी, 'व्यापक अर्थाने घ्यावा' चाललं होतं!

तिने कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यावरही सूचना आल्या असत्या. ती तिपाईपाशी गेली, खाली वाकली, आणि पिठाच्या हाताने मोडेमची तार भिंतीतून उपटली. फोनची तार सरळ भिंतीत खुपसली.

टक् झालं. चांगदेव किंचाळला, "अगं, पाठवायचं राहिलं!"

मोडेमची घरघर थांबली आणि खोलीत एकदम शांतता झाली. ती चिमूला सहन झाली नाही. तिने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, आपलं काहीतरी काढून घेतलंय अशी खात्री पटताच तोंड उघडलं, आणि साठलेल्या सगळ्या संध्याकाळींचं एकदम वसूल करायला सुरुवात केली.

त्या रडण्यात मंडळी फोनकडे बघत उभी राहिली. काकूंनी पदर तोंडाशी धरला. काका खिडकीबाहेर बघत होते. तिथे भिंत होती. फोन वाजेना. सखारामभाऊ म्हणाले, की एखाद्या वेळी गेला असेल तो घरी, आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी दातकोरणं खिशात ठेवलं. मालू पाळण्यातून चिमूला उचलून खांद्यावर थोपटत होती. फोनकडे बघता बघता थोपटण्याचा ठेका चुकत होता, म्हणून पोर आणखी रडत होती.

आणि फोन वाजला.

शकूने झडप घातली. मस्कत होतं. रखमाबाईंचा मुलगा काळजीने अर्धा झालेला. एवढे दिवस नंबर का लागत नाही, आई ठीक आहे ना, असं विचारत होता. "आई ठणठणीत आहे, माझ्याकडे बघून हसतेय, उद्या कर," असं म्हणून शकूने फोन खाली ठेवला. रखमाबाई खरोखर हसत होत्या. आपला बाळ होता हे त्यांना अजून कळायचं होतं.

पुन्हा वाजला. या वेळी शकूने आधी डोळे मिटून घेतले, मग रिसीव्हर उचलला. पलीकडून एक घाबरलेला पुरुषी आवाज म्हणाला, की मी बंगलोरहून बोलतोय, गोमाजींकडे निरोप...

"थांबा हं, बोलावते," शकू म्हणाली. सवयच ती. रिसीव्हर तिपाईवर ठेवला, स्वयंपाकघरातून लाटणं घेतलं, दारात गेली आणि कठड्यावर तीन ठोके दिले. गोमाजीकाका, मनुकाकू आणि मालू, तिघं तिच्या मागे दोन हातांवर उभी होती. काका तर ठोके ऐकून नेहमीप्रमाणे "आलो आलो" असंही म्हणाले.

मालूने चिमूला खांद्यावर तसंच धरून फोन घेतला. सगळ्या बिल्डिंगीने ताबडतोब दुसरीकडे पाहायला सुरुवात केली. सखारामभाऊ कॅलेंडरातली एकादशी शोधू लागले.

"हो... मीच," मालू म्हणाली. "नाही. नाही, मी नव्हते फोनवर." मग बराच वेळ पलीकडचा आवाज. मालूने वळून चांगदेवकडे पाहिलं. चांगदेवच्या चेहऱ्यावर, टायपिंगच्या परीक्षेत कागद उलटा घातलेल्या मुलासारखा भाव. एक शब्द, आणि विश्वमित्राची वाळवी त्याच्याच अंगावर चढली असती.

"आमच्या शेजारच्या दादांनी नवीन कॉम्प्युटर घेतलाय," मालू सावकाश म्हणाली. "ते जगाशी बोलत होते. त्यांच्या लक्षात नाही आलं."

पलीकडे काही विचारलं गेलं.

"रडतेय ती? ती शेजाऱ्यांची." मालूने चिमूच्या डोक्यावर गाल टेकला. "म्हणजे आमचीच."

मग पलीकडून आणखी काहीतरी आलं, अगदी थोडकं. मालू हसली. शकू फोनपासून हातभर अंतरावर उभी होती, म्हणून तिला तेवढं दिसलं: मालूच्या कानांच्या पाळ्या लालचुटूक झाल्या होत्या.

लग्न बाळकुमला झालं, दणक्यात. जेवणाच्या पंगतीत नाथा आपण होऊन चांगदेवच्या शेजारी येऊन बसला. कॉम्प्युटरवाला माणूस भेटला म्हणून त्याला कोण आनंद! दादा, तुम्ही 'आपुलकी'वर जाता का, त्याने विचारलं. तिथे विश्वमित्र म्हणून एक थोर गृहस्थ होते. माझ्या बाबतीत त्यांचा अंदाज जरा चुकला, पण माणूस सोन्यासारखा. एके दिवशी अचानक लिहायचेच थांबले. लोकांनी खूप वाट पाहिली, मग सगळे समजले काय ते. न्यू जर्सीने पुढाकार घेऊन मोठी शोकसभा घेतली. काय एकेक भाषणं आली!

"मेलबर्नच्या बाईंनी तर रडवलंच," नाथा म्हणाला. "त्यांनी लिहिलं, विश्वमित्रांच्या शेजारी राहण्याचं भाग्य ज्यांना लाभलं, त्यांचा मला हेवा वाटतो."

चांगदेवला ठसका लागला. शालूतली मालू पुढे होऊन पाण्याचं भांडं देत म्हणाली, "सावकाश, दादा. कोलंबी वाढू अजून?" आणि तिने शकूकडे पाहिलंही नाही, पाहिलं असतं तर दोघींना हसू फुटलं असतं.

विश्वमित्र स्वर्गवासी झाले ते तसेच राहिले. कोणत्या तोंडाने परत येणार? तरी खबरदारी म्हणून सोसायटीच्या सभेत सखारामभाऊंनी ठराव मांडला, की दिवेलागणीपासून जेवणापर्यंत मोडेमची तार शकूवहिनींच्या तूरडाळीच्या डब्यात राहील. ठराव एकमताने पास झाला. विरोधात फक्त एक सभासद होती. ती वयाने लहान असल्याने तिला मताचा हक्क नव्हता, पण तिने रोज संध्याकाळी सातला तो बजावायला सुरुवात केली. ओवा झाला, अंगाई झाली, परत दृष्ट काढून झाली. तिला मोडेमच हवा होता.

शेवटी ज्याने लावली सवय, त्यानेच निस्तरावी असं ठरलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी, जगाचा मित्र कारखान्यातून येतो, हातपाय धुतो, पाळण्याची दोरी हातात घेतो, आणि गळ्याच्या शिरा ताणून आधी 'कुईं' करतो. मग खर्रर्र. मग पत्र्यावरचं ओलं मांजर, ते त्याला फार सुरेख जमतं. शकू गरम चहाचा कप घेऊन खिडकीशी बसते, पुस्तकाचं पान उलटते, आणि मान वर न करता "हं" म्हणते. टिंग, टाँग, हुश्शपर्यंत सगळं नीट झालं तर चिमू झोपते.

बहुतेक वेळा ती हुश्शच्या जरा आधी डोळे उघडते. मग लाइन तुटली असं समजायचं, आणि पुन्हा कुईंपासून सुरुवात करायची.